माझ्या ऑफिसात ठेवलेलं प्रस्थान

लोकांना नोकरी सोडायला लावणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे घेऊन बसतो, म्हणून घाईघाईने पुढचंही सांगून टाकते: चांगली नोकरी मिळवून देण्याचाही आहे. कारखान्यांना माणसं हवी असतात, ती शोधून द्यायची. पण हवी तशी माणसं बहुतेक आधीच कुठेतरी चिकटलेली असतात, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाकडे कारखानेवाले संशयाने बघतात. तेव्हा एकाला एका खुर्चीतून उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवायचं, एवढंच हे काम. फी कारखाना देतो, माणसाकडून मी काही घेत नाही. आणि माणूस हो म्हणून ऐनवेळी गेलाच नाही, तर कारखाना मलाही काही देत नाही, वर चार शब्द ऐकवतो.

कुंभकोणमला महामहम तळ्यामागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी बोलायची, उंबरा ओलांडला की तमिळ. देवनागरी अक्षरं शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, पण आजची मराठी मला पुण्याच्या मेधाताईंनी शिकवली. त्या तिथल्या एका मोठ्या ओतकामाच्या कारखान्यात एचआर बघतात. पहिल्यांदा मी त्यांना फोनवर आमच्या मराठीत नमस्कार केला तेव्हा त्यांनी अगदी अदबीने विचारलं होतं, तुम्ही ऐतिहासिक नाटकांत कामं करता का? तेव्हापासून दर दिवाळीला त्या मला अंक पाठवतात. यंदा म्हणाल्या, तुम्हीच लिहा. मात्र नोकरी कशी बदलावी यावर सल्ले देऊ नका, माणसं सांगा. तशी मी सल्ले द्यायला चटकन सरसावते, ते त्यांना माहीत आहे.

माणसांना तोटा नाही. एक गृहस्थ दर वर्षी माझ्याकडे येत, नवी नोकरी मागत, मुलाखत फर्मास देत, ऑफर लेटर हातात पडलं की गायब होत. मी डोकं धरून बसायची. मग कळलं की ते लेटर सासुरवाडीला दाखवायला लागत असे. धाकटा जावई परदेशात होता, त्यामुळे थोरल्याला दर वर्षी आपला भाव काढून दाखवणं भाग होतं. मी त्यांना असं काही फैलावर घेतलं की पुन्हा ते फक्त मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. औषधाच्या लॅबमधली एक हुशार मुलगी व्हिडिओवर मुलाखत द्यायला बसली, तर तिची सासू कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी शेजारी बसली. मुलगी उत्तर देण्याआधी डोळे एका बाजूला नेत होती, म्हणून मुलाखत घेणाऱ्या साहेबांना वाटलं कुणीतरी उत्तरं पुरवतंय. शेवटी सासूबाई वैतागून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि कारखान्याची बस किती वाजता सोडते, रात्रपाळी बायकांना देता का, कँटीनचं पाणी कुठलं, असं सगळं विचारून घेतलं. साहेब नंतर मला म्हणाले, सुनेला घेतो, पण सासूबाईंना घेता आलं असतं तर बरं होतं. आणि होसूरची चांगली नोकरी तिथल्या पाण्याने कॉफी बिघडते म्हणून सोडून आलेला माणूसही आमच्याच गावचा. त्याला मी काही बोलले नाही, कारण ते पाणी मी स्वतः प्यायलेय.

या सगळ्यांना मी आधी एकच गोष्ट विचारते. साहेबाशी शेवटचं भांडण कधी झालं? काल झालं म्हणाला तर महिन्याने ये म्हणून सांगते. तापलेल्या डोक्याने आलेला माणूस नव्या नोकरीत रुजू होत नाही, आणि झालाच तर टिकत नाही. हे मी फार ठोकरा खाऊन शिकले आहे.

पण माणूस थंड डोक्याचा असला तरी आमच्याकडे एक मोठी अडचण येते, ती आडी महिन्याची. तुमचा आषाढ उतरून श्रावण लागायच्या सुमाराला आमचा तमिळ आडी असतो. या महिन्यात देवीचे उत्सव जोरात, पण माणसांनी काही नवं करायचं नाही. लग्न नाही, घरभरणी नाही, नवी नोकरी तर नाहीच. पुण्याच्या आणि बंगळूरच्या कारखान्यांना हे कुठून माहीत असणार? ते नेमकी आडीतली तारीख देतात, इकडे घरचे बिथरतात, आणि मधल्या मध्ये मी दोन्हीकडच्या शिव्या खाते.

यावर तोड माझ्या सासऱ्यांनी काढली. ते म्हणाले, प्रस्थान ठेवायला लाव. हा शब्द तुमच्याकडेही असेल. चांगल्या दिवशी प्रत्यक्ष निघता येत नसेल, तर आपलं थोडं सामान त्या दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे निघाल्यासारखं होतं. मग पुढे स्वतः वाईट दिवशी निघालं तरी चालतं, वाटेत ते सामान उचलायचं आणि जायचं. शास्त्रात या प्रस्थानाला थोड्याच दिवसांची मुदत आहे. पण सासरेबुवांनी तीही वाढवून घेतली: अधूनमधून सामान जायच्या दिशेला थोडं सरकवायचं, म्हणजे प्रवास चालू आहे असं धरता येतं. नियम एकच, आणि तो मात्र कडक. एकदा बाहेर ठेवलेलं सामान परत घरी न्यायचं नाही. ते मागे फिरलं तर माणसाची कामंही मागे फिरतात, असं आमच्याकडे पक्कं समजतात.

तेव्हापासून आडीच्या आधीच्या आनी महिन्यातल्या शेवटच्या चांगल्या दिवशी माझ्या ऑफिसात बोचकी येतात. धोतर किंवा साडी, मूठभर तांदूळ, हळकुंड, आणि आजकाल मोबाइलचा जुना चार्जरही. मेधाताईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या, पण त्यांच्याकडे माणसं वेळेवर रुजू होऊ लागल्यावर हसायच्या थांबल्या.

रघुनाथ राव आमच्यातलाच, तंजावरी मराठी. स्वामीमलैच्या रस्त्यावर पंपांचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात तो ओतकामाचा इंजिनिअर होता. चाळिशीकडे झुकलेला, अबोल, कामाला वाघ. मेधाताईंना असाच माणूस हवा होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, साहेबाशी भांडण कधी झालं? तो म्हणाला, कधीच नाही. मला ते फार आवडलं. मुलाखतीत तो घरच्या मराठीत बोलला आणि पुण्याची मंडळी खूश झाली. त्यांचे मुख्य इंजिनिअर म्हणे मुलाखत संपल्यावर दुसऱ्या खोलीतल्या लोकांना बोलवायला उठले होते, याला पुन्हा बोलायला सांगा म्हणून. हुद्दा मोठा, भट्टी नवी, मुलीसाठी शाळाही बघून ठेवली. त्याची बायको सुंदरा इथे शाळेत शिकवते. तिने सांगितलं, तुम्ही ठरवाल तसं, वर्षभराने आम्ही मागून येऊ. रघूने राजीनामा दिला. तारीख अर्थातच आडीतली आली.

त्याचे वडील सेतुराव. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे, बायको गेल्यापासून तर अगदीच कमी. शनिवारी गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात भजनाला जायचं, एवढा एकच शौक. रघू त्यांचा एकुलता एक. त्यांनी स्वतः पंचांग बघून दिवस काढला आणि स्वतःच्या हाताने बोचकं आणून माझ्या ऑफिसात दाराजवळच्या बाकावर ठेवलं. निळ्या काठाचं धोतर होतं, घट्ट गाठ मारलेलं. मग त्यांनी मला विचारलं, पुणे कुठल्या दिशेला? मी खिडकीकडे बोट दाखवलं. ते मान हलवून गेले.

मग दर दोन-चार दिवसांनी ते बोचकं सरकवायला येऊ लागले. बाकाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, मग फायलींच्या कपाटावर, मग खिडकीखालच्या कूलरच्या स्टुलावर. मी म्हणायची, अप्पा, मी सरकवीन, तुम्ही कशाला जिना चढता? ते खुर्चीवर बसायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून मी मागवलेली कॉफी घ्यायचे, बोचक्याकडे बघत बसायचे आणि जायचे. मला वाटायचं, मुलाच्या शकुनाची काळजी करताहेत. जुनी माणसं, असतात अशी.

नोटिसीचे दिवस संपत आले तेव्हा एका दुपारी रघू आला. रेल्वेचं तिकीट काढलेलं होतं. तो बोचक्याजवळ उभा राहिला, त्याला हात लावला नाही, आणि म्हणाला, "अक्का, मज जावें ऐसें वाटत नाही."

माझ्या धंद्यात हे वाक्य नवं नाही. मी त्याला बसवलं आणि ठरलेली उलटतपासणी सुरू केली. मालकाने पगार वाढवून देतो म्हटलं का? नाही. वरची जागा? नाही. बायको रडली? नाही. मग झालं काय?

हळूहळू बाहेर पडलं. कारखान्यात खराब निघालेला माल मालक वर्षानुवर्षं याच्या नावावर टाकत होते. दोष वाळूत होता. वाळू तपासायचं साधं यंत्र घ्या म्हणून याने सुरुवातीला एकदा सांगितलं होतं, मालकांनी उडवून लावलं, त्यानंतर हा गप्प. भांडण कधी झालंच नाही, हे त्याने मला खरंच सांगितलं होतं. राग मात्र तीन वर्षं साठला होता. राजीनामा द्यायला गेला त्या दिवशी मालकांनी कारण विचारलं आणि याने आयुष्यात पहिल्यांदा सगळं तोंडावर सांगितलं. मालक म्हणाले, हे तू एवढं मोठ्याने आधी कधी बोललाच नाहीस. दोघांनी चहा घेतला. यंत्र घेतो असं ते अजूनही म्हणाले नव्हते, पण याच्या जागी दुसरा माणूसही त्यांनी बघितला नव्हता.

"राजीनामा लिहिला आणि राग गेला, अक्का. आता जाऊं तरी कशास? मज भट्टी हीच आवडते."

मी म्हटलं, वर्षाने पुन्हा राग आला म्हणजे? तो म्हणाला, आला तर त्याच दिवशी बोलेन, आता बोलता येतं. इतक्या वर्षांत इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. पण मग तोच उठला आणि म्हणाला, म्हणून काय झालं, जावं तर लागेलच. अप्पांनी स्वतःच्या हाताने प्रस्थान ठेवलंय. ते घरी परत कसं न्यायचं? या वयात त्यांच्या मनाला तसली धास्ती लावून मी इथे सुखाने काम करीन का? तुम्ही त्यांना काही सांगू नका. आणि तो गेला.

आता खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं. माणूस जात होता. माझी फी येणार होती, मेधाताई खूश होणार होत्या. मी गप्प बसायचं, एवढंच. पण शिकलेला, संसारी माणूस एका बोचक्यापायी नको त्या गावाला निघाला होता, आणि ते बोचकं माझ्या ऑफिसात होतं. ही युक्ती मीच गावात पसरवलेली. मला माझाच राग आला. रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुराव आले. मी फोनवर बोलत होते. त्यांनी स्टुलावरचं बोचकं उचललं, खोलीत दोन पावलं चालले, आणि ठेवलं. फोन ठेवून मी बघते तो बोचकं दाराजवळच्या बाकावर. म्हणजे पहिल्या दिवशी होतं तिथेच. मला वाटलं, वय झालं, दिशा चुकली. मी म्हटलं, अप्पा, पुणे खिडकीकडे. ते म्हणाले, ठाऊक आहे. मग मला आठवू लागलं. गेल्या खेपेला ते स्टुलाच्या अलीकडच्या कडेला आलं होतं, त्याआधीच्या खेपेला खिडकीकडच्या कडेवरून मधोमध. म्हणजे आठवडाभर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत बोचकं थोडं थोडं करून घराकडे आणत होता, आणि मी त्यांना कॉफी पाजत होते.

मी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले. विचारलं, अप्पा, रघूने जाऊ नये असं वाटतं का तुम्हांला? त्यांनी चष्मा काढला. पंच्याने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला.

"त्याचें बरें होत आहे, अम्मा. मी कोण अडवणारा? मीच दिवस पाहिला, मीच आणून ठेविलें. आता परत ने म्हणूं कोणत्या तोंडानें?" आणि मग अगदी हळू आवाजात, "घर मज मोठें पडतें."

मला हसावं की रडावं कळेना. मुलगा बापासाठी निघालेला, बाप मुलासाठी त्याला निघू देत होता, आणि दोघांच्या मध्ये निळ्या काठाचं एक धोतर. मी दोघांनाही गप्प राहायचा शब्द दिलेला नव्हता, दिला असता तरी मोडला असता. त्यांच्यासमोरच रघूला फोन लावला आणि म्हटलं, असशील तसा ये.

तो कारखान्यातूनच आला, हाताला वाळू लागलेली. मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकाने जे मला सांगितलं ते दुसऱ्याला, त्याने सांगितलं ते याला, असं सरळ सांगून टाकलं. मुलाखती घेऊन घेऊन माझा आवाज असा झालाय की लोक मध्ये बोलत नाहीत, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. रघू खाली बघत होता. सेतुराव मुलाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि रघूच्या मनगटावरची वाळू झटकली.

माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच दोघांचीही नजर बाकाकडे गेली. बोचकं अजून तिथेच होतं. रघू म्हणाला, राजीनामा मागे घेईन, राहीन हो अप्पा, पण याचं काय करायचं? मी सुचवलं, माझ्याच कपाटात राहू दे. सेतुराव म्हणाले, प्रस्थान ठेवून माणूस निघालाच नाही तर तो अर्ध्या वाटेवर लटकला असं होतं. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी डोकं खाजवू लागले. निघायला तर हवंच, आणि परतायलाही हवं.

शेवटी त्यांनीच विचारलं, हे परत न्यायला मनाई आहे ती न निघताच नेलं तर ना? जाऊन आलेला माणूस सामान घेऊन घरी येतोच की. मी म्हटलं, येतो. ते म्हणाले, मग जाऊन येऊ. पुण्याला? रघूने घाबरून विचारलं. तर म्हणाले, पुण्यास कशाला? पुणेकर ज्याला हात जोडतात तो आपल्या गोविंदपुरमला आहे, त्याच्याकडे जाऊ. एक रात्र राहू. निघालं म्हणजे निघालं, कुठे पोचलं ते पंचांगात लिहिलेलं नसतं.

तालुका कचेरीत उगाच चाकरी केली नव्हती त्यांनी. रघूने बोचकं काखेत मारलं, बापाचा हात धरला आणि दोघे जिना उतरले. मी खिडकीतून बघितलं, बस स्टँडच्या दिशेने दोघे अगदी खांद्याला खांदा लावून चालले होते.

त्यानंतर मला पुण्याला फोन करायचा होता. तो मी आधी दोनदा कॉफी पिऊन मग केला. मेधाताई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की रुजू होऊन महिन्याभरात परत गेला असता त्यापेक्षा हे बरं, पण आमच्या साहेबांना मी हे प्रस्थान वगैरे सांगू शकत नाही. त्या वर्षी त्यांच्याकडून मला एकही जागा आली नाही. मला ते लागलं, नाही कशाला म्हणू. कितीतरी वर्षांचा संबंध होता. दिवाळीचा अंक तेवढा आला. पण त्या संध्याकाळी ऑफिस बंद करताना मला जे हायसं वाटलं, तसं कुणाला नोकरी लावून दिल्यावर कधी वाटलेलं मला आठवत नाही. घरी जाऊन मी दोन वेळचं जेवण एकदम जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढायला लागले तोच दोघे आले. गोविंदपुरमच्या बसमधून उतरून थेट. रघूच्या कपाळाला बुक्का, डोळे जागरणाचे, काखेत बोचकं. सेतुरावांच्या हातात प्रसादाची पुडी होती, ती त्यांनी मला दिली. आमच्या खालचा झेरॉक्सवाला नेहमीप्रमाणे चौकशी करत बाहेर आला, सकाळीच कुठून आलात म्हणून. सेतुरावांनी त्याला गंभीर चेहऱ्याने तमिळमध्ये सांगितलं, पुण्याहून. मुलाला नोकरी लागली होती, जाऊन बघून आलो.

त्याने तोंडात बोट घातलं. कशी वाटली म्हणून विचारलं. सेतुराव माझ्याकडे वळले, आणि हा माणूस थट्टा करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बरी आहे, अम्मा. परंतु तेथें करमलें नाही."

रघू हसत सुटला. त्याला मी असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. सेतुरावांनी त्याच्या काखेतून बोचकं काढून स्वतःच्या काखेत घेतलं. "मी घरीं नेतों," ते म्हणाले. "तूं कामास जा. उशीर होतो."